ध्वनिशोषक अस्तरांच्या वायुरोधाचे मापन

विमानाच्या टर्बोफॅन एंजिनाचा गोंगाट कमी करण्यासाठी त्याच्या वेष्टनाच्या आतील बाजूस, म्हणजे हवा आत घेणाऱ्या तोंडाशी व पंख्यामागील मार्गात, जे सच्छिद्र आच्छादन बसवितात त्याला ध्वनिशोषक अस्तर म्हणतात. गुळगुळीत पत्र्यापेक्षा अशा सच्छिद्र पृष्ठावरून वाहताना हवेला अधिक घर्षण सोसावे लागते. या जादा घर्षणाला अस्तराचा वायुरोध म्हणतात व तो भरून काढण्यासाठी एंजिनाला जास्त इंधन जाळावे लागते. अस्तर किती ध्वनी शोषते हे मोजण्याच्या पद्धती पहिल्यापासून कसोशीने विकसित झाल्या. त्याचा वायुरोध किती, या प्रश्नाकडे मात्र बराच काळ दुय्यम म्हणून पाहिले गेले. याचे एक कारण व्यावहारिक होते : विमानतळाभोवतालच्या लोकांच्या तक्रारी ध्वनीबद्दल होत्या, इंधनाबद्दल नव्हत्या. दुसरे कारण मापनाच्या स्वरूपातच आहे. गुळगुळीत भिंतीचे घर्षण ही मुळात लहान राशी आहे आणि अस्तराचा वायुरोध हा तशा दोन लहान राशींमधील फरक होय.

अस्तराची रचना साधी आहे. सु. १ मिमी. व्यासाची असंख्य भोके पाडलेला पातळ पत्रा, त्याच्या मागे मधाच्या पोळ्यासारखी षट्‌कोनी घरे आणि त्यांच्या मागे भरीव पत्रा असे तीन थर एकत्र चिकटविलेले असतात. प्रत्येक घर व त्यावरील भोके मिळून एक अनुस्पंदक तयार होतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावरून फुंकर घातली असता विशिष्ट स्वर निघतो, तो याच तत्त्वाने. अशा अनुस्पंदकांचा अभ्यास हेर्मान फोन हेल्महोल्ट्स या जर्मन शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास केला व त्यावरील त्यांचा ग्रंथ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाला. भोकांमधील हवा ध्वनितरंगांबरोबर आतबाहेर करू लागली, की भोकांच्या कडांशी भोवरे सुटतात व ध्वनीची ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. घरांची खोली शोषावयाच्या ध्वनीच्या तरंगलांबीच्या सु. एक चतुर्थांश ठेवावी लागते. उदा., २४ पात्यांचा पंखा मिनिटाला ३,६०० फेरे करीत असेल, तर पात्यांमुळे उत्पन्न होणाऱ्या स्वराची कंप्रता १,४४० हर्ट्‌झ येते आणि तिच्यासाठी सु. ६ सेंमी. खोली लागते. भोकांतील हवेच्या जडत्वामुळे प्रत्यक्षात ती काहीशी कमी पुरते. भोकांचे एकूण क्षेत्रफळ पत्र्याच्या क्षेत्रफळाच्या साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असते. ज्या भोकांतून ध्वनी आत जातो त्याच भोकांपाशी वाहती हवा अडखळते. शोषण आणि वायुरोध यांचा उगम असा एकाच ठिकाणी असल्याने एकाला हात न लावता दुसरा बदलणे अवघड असते.

झोत विमानांच्या प्रवासी वाहतुकीबरोबर हा प्रश्न उद्‌भवला. बोईंग ७०७ विमान १९५८ मध्ये सेवेत आले. एअर इंडियाने ते १९६० मध्ये वापरावयास सुरुवात केली. त्या पिढीच्या एंजिनांत निष्कास झोताचा गडगडाट मुख्य होता आणि त्याची मीमांसा जेम्स लाइटहिल या ब्रिटिश गणितज्ञांनी १९५२ मध्ये मांडली होती. पुढे पंख्याची एंजिने आली, झोत मंदावला आणि पंख्याचा कर्कश स्वर पुढे आला. अमेरिकेच्या नासा या संस्थेने १९६७ मध्ये वेष्टनाच्या आत अस्तर बसविण्याच्या संशोधनाची कामे बोईंग व मॅक्डॉनेल डग्लस या कंपन्यांकडे सोपविली. १९६९ मध्ये अमेरिकेत विमानांच्या गोंगाटावर कायदेशीर मर्यादा घालण्यात आली व १९७१ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने त्याच धर्तीवरील मानके स्वीकारली. तेव्हापासून अस्तर हा मोठ्या प्रवासी एंजिनाचा नित्याचा भाग झाला आहे. मुंबईत सांताक्रूझ, अंधेरी व कुर्ला या भागांत विमानतळाच्या कुंपणाला लागून दाट वस्ती आहे. तेथील रहिवाशांच्या दृष्टीने अस्तर ही चैनीची वस्तू नव्हे. म्हणूनच त्याचा खर्च नेमका किती, हे माहीत असणे जरूर आहे. खर्च माहीत नसला, की पुढील एंजिनाच्या आराखड्यात अस्तरावर काट मारण्याचा मोह होतो.

घर्षणाच्या मापनाचा इतिहास विमानांहून जुना आहे. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्यांनी टॉर्की येथील आपल्या कुंडात १८७२ च्या सुमारास लांब फळ्या पाण्यातून ओढून त्यांना होणारा रोध मोजला. फळ्यांवर त्यांनी कधी व्हार्निश, कधी कथिलाचा वर्ख, कधी सुती कापड, तर कधी बारीक-जाड वाळू लावली होती. पृष्ठाचा खडबडीतपणा रोध किती वाढवितो याचे पहिले पद्धतशीर आकडे या फळ्यांनी दिले. वाळू येथे प्रथम आली व या विषयातून ती पुढे कधीच पूर्णपणे गेली नाही.

लूटव्हिख प्रांट्‌ल यांनी १९०४ मध्ये सीमास्तराची कल्पना मांडली. पृष्ठाला लागून असलेल्या पातळ थरातच द्रायूचा वेग शून्यापासून बाहेरील वेगापर्यंत वाढतो व घर्षणाचे सर्व रहस्य या थरात असते, असा तिचा आशय आहे. प्रांट्‌ल यांच्या गटिंगेन येथील संस्थेत योहान निकुराड्झे यांनी नळांच्या आतून चाळलेली वाळू चिकटवून पाण्याच्या प्रवाहाचे प्रयोग केले. त्यांचे निष्कर्ष १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले. वेग कमी असताना वाळूचे कण भिंतीजवळच्या संथ थरात बुडून राहतात व नळ गुळगुळीत असल्यासारखा वागतो. वेग वाढून हा थर कणांच्या उंचीपेक्षा पातळ झाला, की प्रत्येक कण स्वतंत्र अडथळा बनतो आणि घर्षणाचा गुणांक श्यानतेवर अवलंबून राहत नाही. या दुसऱ्या अवस्थेला पूर्ण खडबडीत अवस्था म्हणतात. हेर्मान श्लिख्टिंग यांनी १९३६ मध्ये ही मोजपट्टी इतर पृष्ठांना लावली. कोणताही खडबडीत पृष्ठ घ्यावा आणि तेवढेच घर्षण देणाऱ्या वाळूच्या कणाची उंची सांगावी, म्हणजे त्याची सममूल्य वाळू-उंची मिळते.

याच काळात गटिंगेनला प्रांट्‌ल यांच्या मार्गदर्शनाखाली एक मराठी विद्यार्थी संशोधन करीत होते. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले विष्णु माधव घाटगे (१९०८–९१) यांनी तेथे १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळविली. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ मध्ये वैमानिकी अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू झाले, त्याच्या उभारणीत त्यांचा प्रमुख वाटा होता. भारतात अभिकल्पित झालेले एचटी-२ हे प्राथमिक प्रशिक्षण विमान त्यांच्या नेतृत्वाखाली तयार होऊन १९५१ मध्ये उडाले. सीमास्तराचे शास्त्र भारतीय विद्यापीठीय शिक्षणात आले ते असे, त्याच्या जनकाच्या शिष्याकडून. घाटगे यांचे नाव विमानाच्या अभिकल्पाशी जोडले जाते व ते योग्यच आहे. पण शिक्षक म्हणून त्यांनी केलेल्या कामाची नोंद आपल्याकडे त्या मानाने कमी घेतली गेली, असे वाटते.

घर्षण प्रत्यक्ष मोजण्याचा मार्ग दुसऱ्या एका भारतीयाने रुळविला. भिंतीचा लहानसा तुकडा सभोवतालच्या भिंतीपासून अगदी बारीक फटीने अलग करून तो नाजूक स्प्रिंगांवर तरंगता ठेवावयाचा व हवा त्याला किती ओढते हे पाहावयाचे, अशी ही कल्पना आहे. ग्युंटर केम्प्फ यांनी १९२९ मध्ये पाण्यात ती वापरली होती. सतीश धवन (१९२०–२००२) यांनी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत हान्स लीपमन यांच्या हाताखाली ती हवेच्या प्रवाहासाठी, ध्वनीपेक्षा कमी व अधिक अशा दोन्ही वेगांच्या टप्प्यांत, यशस्वी करून दाखविली. त्यांचा प्रबंध १९५१ चा असून अमेरिकेच्या राष्ट्रीय वैमानिकी सल्लागार समितीने तो १९५३ मध्ये आपल्या ११२१ क्रमांकाच्या अहवालाच्या रूपाने प्रसिद्ध केला. धवन त्याच सुमारास बंगलोरला परतले. पुढे ते भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक व भारतीय अंतराळ संशोधन संघटनेचे अध्यक्ष झाले. अंतराळ कार्यक्रमाच्या झगमगाटात त्यांचे हे आरंभीचे काम सामान्य वाचकाच्या नजरेआड राहिले. तरंगत्या तुकड्याने घर्षण मोजणाऱ्यांना मात्र त्यांच्या अहवालाकडे वळावेच लागते.

ही जुनी साधने ध्वनिशोषक अस्तरावर चालवू गेल्यास काय अडचणी येतात, ते एका साध्या हिशोबाने कळेल. समुद्रसपाटीच्या हवेत माख अंक ०.५ असताना, म्हणजे सेकंदाला सु. १७० मी. वेगाने, गुळगुळीत भिंतीच्या प्रत्येक चौ. मीटरवर ५० न्यूटनांच्या आसपास घर्षण होते. अस्तराचा नमुना ५ सेंमी. रुंद व ४० सेंमी. लांब असेल, तर त्यावरील एकूण प्रेरणा सु. १०० ग्रॅम वजनाइतकी भरते. अस्तरामुळे घर्षण पाच टक्क्यांनी वाढले, तर ओळखावयाचा फरक पाच ग्रॅमांचा असतो. हा नमुना अरुंद मार्गाच्या भिंतीत बसविला, तर आणखी एक गोष्ट घडते. मार्गातून जाताना हवेचा दाब सतत घटतो. ५ × ६ सेंमी. छेदाच्या मार्गात ४० सेंमी. अंतरात तो कमीत कमी १,५०० पास्कालांनी उतरतो. अस्तर ४ सेंमी. जाड असल्यास त्याच्या पुढील व मागील उभ्या कडांवरील दाबांच्या फरकामुळे सु. ३०० ग्रॅम वजनाइतका ढकला बसू शकतो. मोजावयाचे घर्षण त्याच्या एक तृतीयांश आहे! फटीतून हवा कशी झिरपते, यावर हा ढकला अवलंबून असल्याने तो हिशोबाने काढून टाकणेही सोपे नसते. धवन यांचा तुकडा लहान व भरीव होता. अस्तर जाड, पोकळ व भोकांचे असते.

त्यामुळे प्रारंभीचे संशोधक वेगमापनाकडे वळले. नासाच्या क्लीव्हलँड येथील केंद्रातील डी. आर. बोल्डमन व पी. एफ. ब्रिनिक यांचा सपाट सच्छिद्र अस्तरावरील घर्षणाविषयीचा निबंध १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि स्टीव्हन विल्किन्सन यांनी लँग्ली केंद्रात सच्छिद्र भिंतीवरील संक्षुब्ध सीमास्तराचा केलेला अभ्यास १९८३ चा आहे. वेगमापनाच्या पद्धतीत भिंतीपासून वेगवेगळ्या उंचीवर हवेचा वेग मोजून सीमास्तरात किती संवेग गमावला गेला ते काढतात. थेओडोर फोन कारमान यांनी १९२१ मध्ये दिलेले संवेग-समीकरण तिच्या मुळाशी आहे. तत्त्वतः ती निर्दोष आहे. व्यवहारात दोन ठिकाणच्या संवेगांची वजाबाकी करावी लागते व वजाबाकीत चुका फुगतात. याला पर्याय म्हणून वेगाच्या आलेखाच्या आकारावरून घर्षण ताडण्याची फ्रॅन्सिस क्लाउसर यांची पद्धत (१९५४) आहे. मात्र ती गुळगुळीत भिंतीजवळचा वेगाचा नियम गृहीत धरते. अस्तरावर तो नियम सरकलेला असतो आणि किती सरकला, हाच तर प्रश्न असतो. भिंतीला टेकविलेल्या बारीक नळीने घर्षण मोजण्याची प्रेस्टन यांची पद्धतही (१९५४) याच कारणाने येथे बाद ठरते. गुळगुळीत भिंतीवर हुकमी असणारी साधने, ज्या भिंतीसाठी ती हवीत तिथेच निरुपयोगी ठरतात, असा हा प्रकार आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हा विषय मागेच राहिला. त्यानंतर एंजिनांच्या पंख्यांचे व्यास वाढत गेले. पंख्यातून जाणाऱ्या हवेचे प्रमाण वाढले, तिच्या दाबात होणारी वाढ कमी झाली आणि मार्गातील लहानसहान दाबहानीही जाणवू लागली. नव्या एंजिनांची वेष्टने आखूड होत असल्याने अस्तराला उपलब्ध लांबी घटली आणि पूर्वी मोकळ्या ठेवलेल्या जागांवरही ते बसविण्याचा विचार सुरू झाला. अशा वेळी वायुरोधाचा आकडा टाळता येण्याजोगा राहिला नाही.

लँग्ली येथील ब्रायन हॉवर्टन व मायकेल जोन्स यांनी २०१५ पासून प्रसिद्ध केलेल्या प्रयोगमालेत दाबहानीची पद्धत अवलंबिली आहे. त्यांच्या चाचणीमार्गाचा छेद ५०.८ × ६३.५ मिमी. असून भिंतीत ओळीने दाब मोजण्याची छिद्रे आहेत. अस्तर बसविल्यावर दाब किती जास्त उतरतो, यावरून रोधगुणांक काढतात. तराजू नको, फटी नकोत आणि ध्वनिशोषण त्याच मार्गात, त्याच प्रवाहात मोजता येते, हा तिचा मोठा फायदा. तिच्या मर्यादा दोन आहेत. एक म्हणजे अस्तर चारांपैकी एकाच भिंतीवर असते आणि त्या भिंतीचा वाटा परिमितीच्या सु. २२ टक्के आहे. अस्तराचे घर्षण दीडपट झाले, तरी एकूण दाबहानी ११ टक्क्यांनीच वाढलेली दिसते. दुसरे म्हणजे दाब उतरला, की हवा विरळ होऊन तिचा वेग वाढतो व दाबहानीचा काही भाग या प्रवेगात खर्च होतो. माख अंक ०.३ असताना यामुळे दाबहानी सु. १४ टक्क्यांनी, तर ०.५ असताना जवळजवळ दीडपट होते. ही दुरुस्ती न करता काढलेले गुणांक फसवे असतात.

या प्रयोगांतून पृष्ठाच्या रचनेबद्दल उपयुक्त माहिती मिळाली. भोके जितकी मोठी व त्यांचे एकूण क्षेत्र जितके जास्त, तितका वायुरोध वाढतो. ध्वनिशोषणासाठी भोकांचे क्षेत्र फार कमी करता येत नाही, पण तेच क्षेत्र अधिक बारीक भोकांत वाटता येते. २०१६ च्या निबंधात गोल भोकांऐवजी खाचा तपासल्या आहेत. प्रवाहाला आडव्या अरुंद खाचा घर्षणाच्या दृष्टीने सरस ठरल्या. पहिल्या नजरेला हे उलटे वाटेल. वाऱ्याच्या दिशेने पाडलेली खाच कमी अडवील, असे कोणीही म्हणेल. पण हवेला उघड्या तोंडावरून किती अंतर पार करावे लागते, ही येथे महत्त्वाची गोष्ट आहे. आडव्या खाचेवर ते अंतर खाचेच्या रुंदीइतकेच असते. तेवढ्यात हवेला आत वळण्यास व पलीकडील कडेवर आदळण्यास फारसा वाव मिळत नाही.

आणखी एक प्रश्न राहतो : मापन शांततेत करावे की ध्वनी चालू असताना? एंजिनात अस्तर कधीच शांततेत नसते. तेथील ध्वनिपातळी १५० डेसिबेलच्या आसपास असू शकते. या पातळीला ध्वनिदाबाचे परिणामी मूल्य सु. ६३० पास्काल होते, म्हणजे वरील उदाहरणातील भिंतीवरच्या घर्षण-प्रतिबलाच्या बारापटींहून अधिक. हा दाब भिंतीला लंब दिशेत असतो व भोकांतील हवेला जोराने आतबाहेर ढकलतो. बाहेर फेकलेल्या हवेच्या बारीक झोतांना मुख्य प्रवाह अडतो. आत ओढली गेलेली वेगवान हवा आपला संवेग भोकाच्या कडेला देऊन बसते. छी झांग व डॅनियल बोडोनी यांनी इलिनॉय विद्यापीठात संगणकीय अनुकरणाने (२०१६) हा परिणाम दाखविला, तर नॉत्रदाम विद्यापीठात क्रिस्टोफर जॅसिन्स्की व टॉमस कॉर्क यांनी (२०२०) अस्तरावरील बल तराजूने थेट मोजून भोकांतील या आवागमनाचा वायुरोधाशी संबंध जोडला. फ्रान्समधील ओनेरा या संस्थेत लेसर किरणांच्या साहाय्याने भोकांच्या तोंडाशी हवेचा वेग टिपला गेला (२०१९). ध्वनी बंद ठेवून मोजलेला आकडा ‘अस्तराचा वायुरोध’ म्हणून सांगण्याची प्रथा यापुढे तरी सोडली पाहिजे. तो आकडा केवळ पृष्ठाचा आहे, कामावर असलेल्या अस्तराचा नव्हे.

शांत अवस्थेतील प्रश्नाचे बरेच समाधानकारक उत्तर नेदर्लंड्समधील डेल्फ्ट तंत्रविद्यापीठात हारिस शहजाद, स्टेफान हिकेल व डाव्हिडे मोडेस्टी यांनी २०२३ मध्ये दिले. त्यांनी प्रत्येक भोक व त्यातील प्रवाह संगणकात जसाच्या तसा उभा केला. भोकांतील हवा संथपणे झिरपत नाही, ती पूर्णपणे संक्षुब्ध असते, असे त्यात आढळले. पत्र्यातून लंब दिशेने जाताना हवेला होणाऱ्या, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढणाऱ्या रोधाचा गुणांक घेतला आणि त्याचा व्यस्तांक काढला, तर एक लांबी मिळते. अस्तराचा जादा वायुरोध मुख्यतः या एकाच लांबीवर अवलंबून असतो. पूर्ण खडबडीत अवस्थेत तर तेवढ्या उंचीची वाळू चिकटविलेल्या पृष्ठाइतकेच घर्षण अस्तर देते. म्हणजे सच्छिद्र पत्र्यावरून वाहणाऱ्या हवेचे मूल्यमापन पुन्हा निकुराड्झे यांच्या वाळूने झाले. अभिकल्पकाच्या दृष्टीने याचे मोल मोठे आहे, कारण ही लांबी काढण्यासाठी वातविवर लागत नाही. पत्र्याचा तुकडा नळीत आडवा बसवून त्यातून हवा सोडावी व दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक मोजावा. हे काम साध्या प्रयोगशाळेत होऊ शकते.

या अनुकरणांतील रेनल्ड्झ अंक प्रत्यक्ष एंजिनापेक्षा लहान आहेत. उड्डाणात तर अस्तराचा वायुरोध स्वतंत्रपणे मोजता येत नाही, कारण इंधनाच्या खपात तो पंख्याच्या, पंखांच्या व हवामानाच्या परिणामांत मिसळून जातो. म्हणून ध्वनी चालू असतानाचे प्रत्यक्ष बलमापन, तेही एंजिनातील वेगांना व ध्वनिपातळीला, हे या क्षेत्रातील सध्याचे मुख्य काम आहे. तरंगत्या तुकड्याभोवतीची फट किती ठेवावी, तिच्यातून हवा झिरपू नये म्हणून काय करावे आणि कडांवरील दाब कसे समतोल करावेत, या प्रश्नांवर ते आजही अडते.